आबांनी भंडारा परत ठेवला

आमच्या घरात कांदा कधी चिरला जात नसे. विळी होती, तिला धारही होती, पण ती भाजीसाठी. जेवताना तोंडी लावायचा कांदा आबा, म्हणजे माझे वडील, ताटाशेजारी फरशीवर ठेवायचे आणि त्यावर उजव्या हाताची एक बुक्की घालायचे. धप्प. कांदा चार ठिकाणी उमलायचा. बाहेरचे पापुद्रे आबा बाजूला सारायचे, मधला गोड गाभा स्वतः घ्यायचे, बाकीचा आमच्या ताटात. भिंतीपलीकडची माणसं त्या आवाजावर वेळ सांगायची. आबा जेवायला बसले, आता आपलंही वाढा. भाकरी थापल्याचा आवाज, चक्कीचा आवाज, शाळेची घंटा, आणि आबांचा कांदा. आमच्या गल्लीचा दिवस या चार आवाजांत मावायचा.

आता त्या हाताबद्दल लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते. तो हात कांद्यावर थांबणारा नव्हता. तो बैलावर चालायचा, माझ्या पाठीवर चालायचा, मायवर चाललेला मी दोन-चारदा डोळ्यांनी पाहिला आहे. माय पदरानं तोंड पुसून परत चुलीशी बसायची. आणि एकदा तो चालला सख्ख्या धाकट्या भावावर. निवृत्तीकाकांचं शेत आमच्या शेताला लागून. मध्ये बांध, बांधावर एक बोरीचं झाड. काका दरवर्षी नांगरताना बांधाचा एक पदर खायचे. हातभर नाही, बोटभर. बोलावं तर लहान दिसतं आणि न बोलावं तर पुढच्या वर्षी आणखी बोटभर. एका वर्षी आबा बोलले नाहीत. औताचं लाकडी रुमणं उचललं आणि काकांच्या खांद्यावर घातलं. काका तीन महिने हात गळ्यात बांधून हिंडले. आमच्याच दारावरून, मुद्दाम, दिवसातून चारदा.

त्याच सुमारास गाव तंटामुक्त करायचं वारं आलं. गावात समिती झाली आणि अध्यक्ष झाले गुरुजी. निवृत्त शिक्षक, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. जन्मभर पोरांना छडीनं शिकवलेला हा माणूस उतारवयात अहिंसेला लागला होता आणि छडी घेऊन लागावं तसाच लागला होता. गावात हात उचलणारे म्हणून त्यांनी अकरा जणांची यादी काढली. त्या अकरांना खंडोबाच्या देवळात उभं करून बेल-भंडारा उचलायला लावला. आमच्याकडं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द मोडत नाही. कोर्टात खोटं बोलणारा माणूसही भंडारा हातात घेतला की गप होतो. आबांनी उचलला. भावावर हात उगारणार नाही, म्हणाले. गुरुजींनी अकराही जणांच्या उजव्या मनगटाला पिवळा दोरा बांधला. का, तर कुणाचा बंदोबस्त झालाय हे गावाला लांबून कळावं.

गावाला लांबून कळलं. तिथंच घोटाळा झाला. दोरा नसलेली माणसं दोरा असलेल्यांच्या पायावर पाय देऊन जायला लागली. एकाच्या दारात दुसऱ्यानं उकिरडा टाकला. एकाचा रांगेतला नंबर गेला. काकांनी तर भर दिवसा, आबा बांधावर उभे असताना, नांगर आत घातला. बोटभर नाही, चांगला दीड हात. बोरीचं झाड काकांकडं गेलं. आबा मनगटाकडं बघत उभे राहिले. काका म्हणाले, "बस की दादा, बोरं खा." घरी आल्यावर आबांनी कांदा फोडला नाही. मायला म्हणाले, चिरून दे. मायला वाटलं हात दुखतोय. तर म्हणाले, मूठ वळली की आपोआप वर जाती, आणि वर गेली की कुठं पडंल सांगता येत न्हाई. देवाला शब्द दिलाय. त्या दिवसापासून आमच्या घरात कांदा विळीवर चिरला जाऊ लागला. आबा हळूहळू जेवायचे कमी झाले, बोलायचे बंद झाले. औत घेऊन निघायचे आणि बांधाच्या अलीकडं बैल सोडून बसून राहायचे.

माय मात्र बरी दिसायला लागली होती. हे मला फार उशिरा कळलं. शपथेत आमचं नाव नव्हतं, नुसतं भावाचं होतं, पण हात बांधला गेला तो सगळ्यांसाठीच. मी सुट्टीला घरी आले तेव्हा माय येसराची आमटी ढवळत चक्क गुणगुणत होती.

मी तेव्हा नांदेडला बी.ए.ला होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. हे मी जिथं संधी मिळेल तिथं सांगते, म्हणून इथंही सांगितलं. कंधारवरून एसटीनं यायचे, मांडीवर धपाट्यांचा डबा. कॉलेजात इंग्रजीचे एक सर होते, ते शनिवारी परदेशी सिनेमे दाखवायचे. असाच एक दाखवला. त्यात एक शहर असतं. तिथल्या सरकारनं मारामारी बंद करायला प्रत्येकाच्या उजव्या मनगटात लोखंडी कडं बसवलेलं असतं. मूठ वळली की कडं हाताची ताकद काढून घेतं आणि हात चिंधीसारखा लोंबतो. शहरात खून नाही, भांडण नाही. सगळे हसतात, कारण दुसरं काही करता येत नाही. गोष्ट आहे एका पाव करणाऱ्याची. त्याला कणीक मळायला मूठ लागते. मळायला गेला की हात गळतो. पाव होईना, धंदा बसतो, आणि दोष कुणाचा विचारावं तर सरकार म्हणतं, तुझ्या मनात राग असेल. शेवटी तो कडं तोडतो, दगड उचलतो, कडं बसवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर उभा राहतो, हात वर जातो आणि पडदा काळा होतो. संपला सिनेमा. सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला: ज्याला मारताच येत नाही, त्याला चांगला माणूस म्हणता येईल का? मी दोन पानं लिहिली. सरांनी खाली लिहिलं, भाषा चांगली, उत्तर नाही.

हे सगळं मी मायला सांगितलं. मायनं पाणी भरताना कुणाला तरी सांगितलं आणि दोन दिवसांत ते गुरुजींपर्यंत गेलं. गुरुजी टोपी सावरत घरी आले. म्हणाले, "मंगल, परदेशात आपल्या समितीसारखं काम झालंय म्हणे. त्यावर पिक्चर पण आहे?" मी म्हणाले, गुरुजी, ते चांगलं नाही दाखवलेलं, ते भयंकर दाखवलंय. गुरुजी म्हणाले, "मारामारी बंद झाली ना? मग भयंकर काय त्यात?" आज मी स्वतः शिकवते, तरी वर्गात पोरं हे विचारतात तेव्हा पटकन उत्तर देता येत नाही. तालुक्याहून बक्षिसाच्या पाहणीचे साहेब यायचे होते, आणि त्यांच्यासमोर हा आदर्श शहराचा सिनेमा दाखवायचा, असं गुरुजींनी ठरवून टाकलं. इंग्रजी समजणारी गावात मी एकटी. तेव्हा मी माईक घेऊन पडद्याशेजारी उभं राहायचं आणि सांगत जायचं.

लातूरहून लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा प्रोजेक्टर आला, सिनेमाची सीडी सरांकडून आली. शाळेच्या हॉलच्या खिडक्या खताच्या पोत्यांनी झाकल्या, कारण साहेब दुपारीच येणार होते. पडदा म्हणून मंडपवाल्याची पांढरी चादर, तिच्या कोपऱ्यात त्याचं नाव निळ्या अक्षरांत. सिनेमाभर ते नाव त्या परदेशी शहराच्या आकाशात तरंगत होतं. वर पत्रा तापलेला, दोन पंखे, बाहेर जनरेटर. समोरच्या खुर्चीत साहेब, शेजारी गुरुजी, पहिल्या रांगेत सतरंजीवर दोरेवाले अकरा जण, नमुना म्हणून. मागं बायका. सगळ्यांना कागदावर मुरमुऱ्यांचा चिवडा वाटलेला, त्याचा कुरकुर आवाज आणि वर माझा आवाज. गुरुजींनी आधीच बजावलं होतं की सरकार काही वाईट करत असेल तिथं खासगी कंपनी म्हण. मी पहिला अर्धा तास म्हणाले. पदवी घेणारी पोरगी, खोटं बोलत होते आणि सुरेख बोलत होते.

अडचण पावापासून सुरू झाली. पाववाल्याचा हात गळाला तसा मागून एक म्हातारी बोलली, "भाकर थाप म्हनावं त्याला. भाकरीला मूठ लागत न्हाई." बायकांत हशा पिकला. कुणी म्हणालं, जवारी हाय का तिकडं. कुणी म्हणालं, बायकूला का करू देत न्हाई, तिच्या हातात काय कडं हाय? आहे, मी माईकवरून सांगितलं, बायकांच्याही हातात आहे. मग मायचा आवाज आला, शांत: "कामून? बायका कुणाला मारतेत?" साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. गुरुजींनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू कडी मीच घडवली होती.

मग रस्त्यावरची पोरं पाववाल्याला ढकलतात, कडं बंद पडलेला एक माणूस त्याला रोज येऊन थापडा मारतो, तो भाग आला. दोरेवाल्यांची रांग हलायला लागली. कुणी मनगट मांडीखाली घेतलं. निवृत्तीकाका भिंतीला टेकून मुरमुरे खात होते, ते खायचे थांबले. मी खासगी कंपनी म्हणायचं कधी सोडून दिलं मला कळलंही नाही. सरकार म्हणायला लागले. एकदा तर तोंडातून समिती निघून गेलं. पाववाल्यानं कडं तोडलं तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या, मग आजूबाजूला पाहून वही उघडली. दगड उचलला गेला. हात वर गेला. पडदा काळा झाला.

"लाईट गेली," सगळे एकदम म्हणाले. लोक बसून राहिले. आमच्याकडं लाईट गेली की माणूस उठत नाही, येईल म्हणून बसतो. दोन मिनिटं गेली. कुणीतरी वर बघून म्हणालं, पंखा तर फिरून राहिला. दुसरा म्हणाला, जनरेटर बी चालू हाय. मग चादरीवर नावं यायला लागली आणि गावाला कळलं की एवढंच होतं. मग जो गोंधळ झाला तो मी आजवर कुठल्या सभेत पाहिला नाही. मारलं का न्हाई? दोन तास बसवून घेतलं आणि सांगत न्हाईत? प्रोजेक्टरवाल्याला धरलं, पुढचा भाग लाव. तो शपथेवर सांगत होता की पुढचा भागच नाही. त्याला म्हणाले, भंडारा उचल. गुरुजी माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, सांग त्यानं माफ केलं, दगड टाकून दिला, साहेब बसलेत. माईक माझ्या हातात होता. मी काय सांगेन तोच त्या सिनेमाचा शेवट होणार होता, दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. मी म्हणाले, "मारलं की नाही ते दाखवलेलं नाही. ते आपल्यावर सोडलंय."

तेव्हा आबा उठले. कितीतरी दिवसांत माणसांत न बोललेला माणूस. पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाले, "मंगल, कडं हातात व्हतं तवर त्यानं कुनाला मारलं न्हाई. म्हनून त्याला चांगला मानूस म्हनायचं का?"

सरांचा फळ्यावरचा प्रश्न. दोन पानं लिहून मला जो सुटला नव्हता, तो शाळेचं तोंड न पाहिलेल्या आबांनी सतरंजीवरून उठून विचारला. मला माहीत नाही आबा, मी माईकवरूनच म्हणाले. आबा म्हणाले, "मला म्हाईत हाय," आणि दाराकडं चालू लागले. सगळा हॉल मागं. साहेब मागं, मुरमुऱ्यांचे कागद मागं, प्रोजेक्टरवाला सुटकेचा श्वास टाकत एकटा मागं राहिला.

खंडोबाचं देऊळ जवळच. गुरव ओट्यावर पडला होता, तो एवढी गर्दी बघून घाबरून उठला. आबा म्हणाले, उचललेला भंडारा परत ठेवायचाय. गुरवाच्या पिढ्यांत असं कुणी मागितलं नव्हतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "उचलायचा इधी हाय आबा. ठिवायचा न्हाई."

"मंग आज कर," आबा म्हणाले.

गुरव नेमकं काय करावं म्हणून गुरुजींकडं बघू लागला. गुरुजी साहेबांकडं, साहेब वहीकडं. शेवटी गुरवानं स्वतःच्या अकलेनं उलटी आरती करावी तसं काहीतरी केलं. तांब्यातलं पाणी आधी शिंपडायचं ते शेवटी शिंपडलं. आबांनी भंडारा ठेवला, बेलाचं पान ठेवलं, दातांनी मनगटाचा दोरा तोडून त्यावर ठेवला. देवाला म्हणाले, शब्द मोडत न्हाई, परत करून राहिलो. मग वळले. गर्दीत काका होते, मुरमुऱ्यांचा कागद अजून हातात. आबा त्यांच्याकडं चालत गेले आणि एक हात अंतरावर उभे राहिले. मूठ वळलेली. मी ती मूठ ओळखत होते. गुरुजी म्हणाले, अरे कुणीतरी धरा. कुणी धरलं नाही. मला वाटतं सगळ्यांना बघायचंच होतं. दोन तास फसवले गेलेले लोक ते.

काकांच्या हातातला कागद कलला होता, मुरमुरे सांडत होते, एकेक. मग काकाच बोलले. आवाज पार बारीक.

"दादा, बांध म्या कोरला. दीड हात. बोर तुझी हाय."

आबांनी ऐकलं, मान हलवली आणि घरी गेले. मूठ तशीच.

त्या संध्याकाळचं मला जास्त आठवतं. गाव देवळाशी आनंदानं बोलत बसलं होतं आणि आमच्या घरात माय चुलीपाशी उभी होती, बसत नव्हती. आबा पाटावर बसले, म्हणाले वाढ. मायनं ताट हातात धरून ठेवलं. तिची नजर त्यांच्या उघड्या मनगटावर होती. दोरा होता तिथं कातडीवर पांढरा पट्टा उरला होता.

"निवृत्तीभावजींचं मिटलं," माय म्हणाली. "आता आमचं काय?"

आबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. मी पाहिलं, कळलं तेव्हा त्यांची मान खाली गेली. काकांसमोर गेली नव्हती ती. मग म्हणाले, कांदा दे. मायनं विळी ओढली. म्हणाले, चिरू नको, आख्खा दे. तिनं दिला. त्यांनी तो फरशीवर ठेवला, मूठ वळली, वर नेली. माय एक पाऊल मागं सरकली, मीही. धप्प. कांदा उमलला. आबांनी पापुद्रे बाजूला केले, मधला गाभा उचलला आणि हात लांब करून मायच्या ताटात ठेवला. माय बसली. तिनं गाभा लगेच खाल्ला नाही, ताटाच्या कडेला सारून ठेवला. विचार करून खाते, असं काहीसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फावडं घेऊन बांध भरत होते. आबा घमेलं घेऊन गेले आणि माती ओढू लागले. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, बैलाशी बोलत होते. साहेबांच्या तक्त्यात शपथ मोडल्यासाठी जागा होती, शपथ पाळल्यासाठी होती, परत केल्यासाठी नव्हती. त्यामुळं आमच्या गावाला बक्षीस मिळालं नाही, शेजारच्या गावाला मिळालं. तिथं आजही दर पोळ्याला डोकी फुटतात. उरलेल्या दहा जणांनी आठवड्याभरात भंडारा परत ठेवला. गुरवाला तो विधी तोंडपाठ झाला. गुरुजी माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. मी पदवीचे पेढे द्यायला गेले तेव्हा त्यांनी पेढा घेतला आणि म्हणाले, शेवट तू बदलायला हवा होतास.

त्यानंतर आबांचा हात घरात कधी उठलाच नाही असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण ते खोटं होईल. एकदा उठला. मी लातूरला नोकरी धरते म्हणाले तेव्हा. वर गेला, थांबला, आणि तिथून खाली येऊन स्वतःचंच डोकं खाजवू लागला. मायनं चुलीजवळून पाहिलं आणि भाकरी उलटली.

आता आबा माझ्याकडं लातुरात असतात. दात गेले, बुक्कीतलं बळ गेलं. कांदा मी फोडते, गाभा बारीक करून त्यांना देते. मागच्या महिन्यात जेवताना शेवटी विचारलंच. इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं. मी म्हणाले, आबा, त्या दिवशी देवळापुढं काका बोलले नसते तर मारलं असतं का?

आबांनी घास चघळला. हिरड्यांनी चघळायला वेळ लागतो.

"तुझ्या सिनेमावाल्यानं सांगितलं का?"

"नाही."

"मंग मी कामून सांगू," म्हणाले. "फोड कांदा."

मी मूठ वळली.